मास्टर सोर्ड कशी मिळवायची, कशी वापरायची: ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ नव्यानं खेळणाऱ्यांसाठी

चवथीला सगळी भावंडं मूळ घरी जमतात, कुणाच्या तरी बॅगेतून निंटेंडो स्विच हा खेळायचा कन्सोल बाहेर पडतो, आणि माटोळी बांधायच्या गडबडीतही एक प्रश्न ऐकू येतोच: ती निळ्या मुठीची तलवार कुठं मिळते?

उत्तर तसं एका वाक्याचं आहे. खेळाची दुनिया म्हणजे हायरूल; तिथल्या हायरूल कॅसल या किल्ल्याच्या उत्तरेला मोठं रान आहे, त्या रानाच्या मधोमध कोरोक फॉरेस्ट आहे, तिथं ती दगडात रोवलेली आहे, आणि तुमच्याकडं १३ हार्ट (तुमचा जीव मोजणारी लाल बदामं) नसतील तर ती हलत नाही. पण एवढं ऐकून निघालेला माणूस हमखास अडकतो. एकतर धुक्यात फिरत बसतो, नाहीतर तलवार मिळाल्यावर अर्ध्या तासात वैतागतो, कारण ही तलवार दमते. हो, दमते. पुराणातल्या शस्त्रासारखी अक्षय वगैरे नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मास्टर सोर्ड हे रोजचं हत्यार नाही. ठरावीक शत्रूंसाठी जपून ठेवायची ती वस्तू आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

हा लेख २०१७ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’बद्दल आहे. ही मालिका १९८६ पासून चालू आहे आणि मास्टर सोर्ड तिच्यात पहिल्यांदा आली ती १९९१ साली. प्रत्येक खेळात ती मिळवायची तऱ्हा वेगळी असते, त्यामुळं जुन्या भागातल्या युक्त्या इथं लावायला जाऊ नका. गोष्टीतली गुपितं मी फोडणार नाही.

लागणाऱ्या वस्तू

- स्विच आणि खेळ (कार्ट्रिज किंवा डाउनलोड). पहिल्या मॉडेलची आतली मेमरी ३२ जीबीच आहे, डाउनलोड करणार असाल तर मायक्रोएसडी कार्ड घ्या
- स्वतःच्या नावाचं वेगळं प्रोफाइल
- खेळात १३ खरी, लाल हार्ट
- शस्त्रांच्या यादीत एक रिकामी जागा
- दोनतीन बऱ्यापैकी दुसरी शस्त्रं. ती का, ते पुढं कळेल
- ‘ट्रायल ऑफ द सोर्ड’ ही वाढीव कसोटी (भाग ७) करायची असेल तर विकत घ्यावा लागणारा एक्स्पान्शन पास, म्हणजे खेळाचा जादा भाग

१. आधी घरातल्या गोष्टी उरका

प्रोफाइलचं मी वर लिहिलं ते उगाच नाही. या खेळात साध्या मोडसाठी एका प्रोफाइलला एकच सेव्ह मिळतो. एकत्र घरात धाकट्यानं ‘न्यू गेम’ दाबून स्वतः सेव्ह केलं की मोठ्याची मेहनत पुसली गेली समजा. मग जे रडणं-भांडणं होतं ते आरतीच्या आवाजातही ऐकू येतं. प्रत्येकाला आपलं प्रोफाइल करून द्या, फुकट असतं.

गोव्यात बऱ्याच घरी कन्सोल येतो तो आखातातून किंवा बोटीवर असलेल्या काका-मामाकडून. चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं, त्यामुळं आपल्या विजेवर तो चालतो. फक्त पिनेचा आकार बदलायला कन्व्हर्टर लागतो. कार्ट्रिज कुठल्याही देशाचं असलं तरी चालतं. अडचण येते ती पुढं एक्स्पान्शन पास घेताना: पास सहसा त्याच प्रदेशाच्या ऑनलाइन दुकानातून घ्यावा लागतो, ज्या प्रदेशाचं कार्ट्रिज आहे. दुबईहून आलेल्या कार्ट्रिजवर अमेरिकेच्या खात्यातून पास घेतला आणि तो चालला नाही, तर पैसे परत मिळवण्याची कटकट तुमच्या गळ्यात. डबीवरचा प्रदेश आधी बघून घ्या.

पावसात वीज जाते तेव्हा घाबरू नका. स्विच डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) असला तरी बॅटरीवर चालूच राहतो, टीव्ही तेवढा बंद होतो. कन्सोल बाहेर काढा आणि हातात घेऊन खेळा. पहिल्या मॉडेलवर हा खेळ साधारण तीन तास चालतो, नंतरच्या मॉडेलवर बराच जास्त.

२. तेरा हार्टचा हिशेब

खरा वेळ जातो तो इथंच.

खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडं ३ हार्ट असतात. म्हणजे आणखी १० हवीत. ती दोन वाटांनी मिळतात. पहिली वाट श्राइनची, म्हणजे कोडं किंवा लढाई असलेल्या छोट्या देवळांची: प्रत्येक श्राइन पार केलं की एक स्पिरिट ऑर्ब मिळतो, आणि देवीच्या मूर्तीपुढं चार ऑर्ब दिले की एक हार्ट. दुसरी वाट डिव्हाइन बीस्टची: चार अजस्र यंत्रप्राणी आहेत, त्यांपैकी प्रत्येक सोडवल्यावर एक हार्ट थेट मिळतं.

आता बेरीज करा. चारही बीस्ट सोडवले तर ४ हार्ट आली, उरलेल्या ६ साठी २४ श्राइन. दोनच बीस्ट केले तर ३२ श्राइन. एकही बीस्ट न करता जायचं म्हटलं तर ४० श्राइन. हायरूलमध्ये एकूण १२० श्राइन आहेत, त्यामुळं ४० हा आकडा वाटतो तेवढा भयंकर नाही. तरीही नव्या खेळाडूला मी दोन बीस्ट आणि उरलेलं श्राइन असाच सल्ला देईन. नुसती श्राइन करत सुटलं तर खेळ म्हणजे गृहपाठ होतो.

सापळा पहिला: चार ऑर्ब दिल्यावर मूर्ती विचारते, हार्ट हवं की स्टॅमिना? डोंगर चढताना, पोहताना, पॅराग्लायडरवर उडताना स्टॅमिना लागतो, त्यामुळं हात आपोआप तिकडं जातो. त्यात गैर काही नाही, पण मग तेरा हार्ट लांब पडतात.

सापळा दुसरा: ‘हार्टी’ नावाच्या पदार्थांनी मिळणारी पिवळी हार्ट. हार्टी ड्युरियन शिजवून खाल्ला की आयुष्याच्या पट्टीवर पिवळी हार्ट झळकतात आणि माणसाला वाटतं, झालं की तेरा! तलवार ती मोजत नाही. लालच लागतात.

३. स्टॅमिनात जास्त घातलं असेल तर

हाटेनो गावात तळ्याजवळ एक शिंगवाली मूर्ती आहे. दिसायला देवीच्या मूर्तीसारखी, स्वभाव सावकाराचा. ती तुमच्याकडचं एक हार्ट किंवा स्टॅमिनाचा एक हिस्सा काढून घेते आणि १०० रुपी (खेळातलं चलन) देते. मग तुम्ही तिच्याकडून हार्ट किंवा स्टॅमिना विकत घ्यायचा, १२० रुपींना. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीला २० रुपी तिच्या खिशात. पहिल्या भेटीत ती न विचारता एक काढून घेते आणि मग परत देते, तेव्हा दचकू नका.

तर ११ हार्ट आहेत आणि स्टॅमिनाची चक्रं फुगलेली आहेत, अशी स्थिती असेल तर आणखी आठ श्राइन शोधत हिंडू नका. ४० रुपी मोजा, दोन हिस्से हार्टात बदला, तलवार काढा, आणि हवं तर परत येऊन पुन्हा स्टॅमिनात बदलून घ्या. एकदा काढलेली तलवार हार्ट कमी झाली म्हणून परत जात नाही. काही जण याला चीटिंग म्हणतात. खेळ बनवणाऱ्यांनी स्वतः ठेवलेली सोय आहे, वापरायला लाज कसली?

४. लॉस्ट वूड्स: धुकं आणि ठिणग्या

कोरोक फॉरेस्टभोवती लॉस्ट वूड्स नावाचं रान आहे. आधी वूडलँड टॉवर चालू करून त्या भागाचा नकाशा उघडा, मग पायवाटेनं रानाच्या तोंडाशी जा. आत शिरताच धुकं, आणि तोंड वासलेल्या चेहऱ्यांची वठलेली झाडं.

पहिला टप्पा सोपा आहे. वाटेवर पेटलेल्या मशाली उभ्या आहेत. एकीपासून दुसरी दिसते. एकीपाशी जायचं, थांबायचं, पुढची शोधायची. आजूबाजूला काय आहे ते बघायला वाट सोडली की पडदा पांढरा होतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला. मरण नाही, नुकसान नाही, नुसता वेळ.

मग एका जागी उभ्या मशाली संपतात. इथंच बहुतेक जण चुकतात. जवळच हातात धरायची एक मशाल पडलेली असते. ती उचला, तिथल्या ज्वालेवर पेटवा आणि हलू नका. मशालीच्या टोकाकडं नीट बघा. ज्वाला सरळ वर जात नाही, एका अंगाला झुकते, आणि तिच्यातून सुटणाऱ्या बारीक केशरी ठिणग्या वाऱ्याबरोबर एकाच दिशेला वाहत जातात. ती दिशा म्हणजे वाट. पाचसहा पावलं चाला, पुन्हा थांबा, पुन्हा ठिणग्या बघा. वारा मध्येच वळतो; तुम्हीही वळायचं. कॅमेरा लिंकच्या (म्हणजे तुम्ही खेळवता त्या नायकाच्या) मागं किंचित वर ठेवलात तर ठिणग्या स्पष्ट दिसतात.

धावू नका. धावताना ठिणग्यांचा अंदाज चुकतो. आणि मशाल पाठीला लावू नका, लावली की विझते. कुठं चढायला गेलात तरी ती आपोआप पाठीला जाते. छोट्या पडद्यावर दिवसाउजेडी खेळत असाल तर ब्राइटनेस वाढवा. बाल्कनीतल्या उन्हात बसून हा टप्पा पार करणं जवळजवळ अशक्य आहे.

धुकं विरळ झालं, हिरवा उजेड दिसला की पोचलात.

माझी शिफारस अशी, की तेरा हार्ट होण्याची वाट न बघता आधीच एकदा इथं येऊन जा. कोरोक फॉरेस्टमध्ये केओ रूग नावाचं श्राइन आहे. ते चालू केलं की पुढच्या वेळी नकाशावरून थेट तिथं उतरता येतं, धुक्याची कटकट कायमची संपली. शिवाय तिथले कोरोक, म्हणजे रानातले छोटे वनजीव, तीन कसोट्या देतात आणि प्रत्येक कसोटीच्या शेवटी एक श्राइन आहे. केओ रूग धरून चार श्राइन, म्हणजे बरोबर एक हार्ट. बारा हार्ट घेऊन गेलेला माणूस रानातच तेरावं कमावू शकतो.

५. तलवार उपसताना

समोर डेकू ट्री नावाचा महावृक्ष आहे, जुनाजाणता, बोलणारा. सत्तरीतल्या देवराईत वाळकी काठी उचलायची तरी आधी राखणदाराला सांगतात, तशातलाच हा प्रकार. त्याचं बोलणं बटण दाबून उडवून लावू नका, ऐकून घ्या.

आयुष्याची पट्टी आधी पूर्ण भरून घ्या. झाडाच्या पोटात कोरोकांचं दुकान आहे आणि पानांचा बिछानाही. तिथं झोपलात तरी चालेल. शस्त्रांच्या यादीत एक जागा मोकळी आहे ना, तेही बघा. मग दगडाजवळ जाऊन ए बटण दाबून धरा. लिंक मुठीला दोन्ही हात घालून ओढू लागतो आणि वर कोपऱ्यातली हार्ट एकेक करून विझायला लागतात. तेरा असतील तर शेवटी जीव टांगणीला लागल्यासारखं वाटतं, तरी बटण सोडायचं नाही. तेरा नसतील तर मात्र हट्ट नको, बटण सोडा आणि मुकाट्यानं श्राइन शोधायला जा.

६. ती चालते कशी

आता मूळ मुद्दा. तलवारीचा मार ३० आहे. वाचून निराश झालात? रॉयल ब्रॉडसोर्ड नावाच्या साध्या तलवारीचा मार ३६ असतो. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

उपयोग असा: गार्डियन नावाची यंत्रं, खेळातल्या मुख्य खलनायकाचं, गॅननचं, विष पसरलेल्या जागा, हायरूल कॅसल, डिव्हाइन बीस्टमधले राक्षस, थोडक्यात गॅननशी नातं असलेलं काहीही जवळ आलं की पातं निळं चमकू लागतं आणि मार थेट ६० होतो. चमकत असताना ती दमतेही फार हळू. गार्डियन लांबून दिसण्याआधीच पातं उजळलं, असंही होतं. तेव्हा पात्याकडं लक्ष ठेवलं तर सूचना फुकट मिळते. गार्डियनशी लढताना डोळ्याकडं धावू नका. आधी पाय तोडा. एकेक पाय तुटताना तो अडखळतो, तेवढ्यात पुढचा पाय.

चमकत नसताना तिच्यात साधारण ४० घावांची ऊर्जा असते. ती संपली की तलवार मोडत नाही, पण वापरता येत नाही. १० मिनिटं थांबावं लागतं. ही मिनिटं खेळातल्या घड्याळाची नाहीत, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची. दुसरी शस्त्रं जवळ ठेवा म्हटलं ते यासाठी. तलवार ऐन लढाईत मान टाकते तेव्हा हातात काठी तरी हवी.

म्हणून काही सवयी लावून घ्या. बोकोब्लिन नावाच्या किरकोळ राक्षसांच्या टोळक्यावर ती उपसू नका, त्यांच्यासाठी त्यांचीच हत्यारं पुरतात. झाडं तोडायला, खनिजाचे खडक फोडायला तर अजिबात नको. रिमोट बॉम्ब फुकट आहेत आणि कधी संपत नाहीत. लायनेल नावाच्या ताकदवान राक्षसाच्या पाठीवर चढून वार करताना कुठलंच हत्यार झिजत नाही, तिथं मास्टर सोर्डऐवजी तुमच्याकडचं सगळ्यात जड, मोडकळीला आलेलं शस्त्र काढा.

सगळी हार्ट भरलेली असताना आर बटणानं ती फेकायचा प्रयत्न केला तर हातातून सुटत नाही, पात्यातून प्रकाशाचा झोत जातो. दिसायला भारी. मार मात्र घावापेक्षा बराच कमी, आणि ऊर्जा त्यातही खर्च होते. लांबच्या शत्रूला डिवचण्यापुरता ठीक. नवीन मुलं पहिला तासभर गवतावर झोत सोडत बसतात, सोडू द्यात.

ही तलवार टाकून देता येत नाही, त्यामुळं हरवायची भीती नाही. आणि हेही सांगायला हवं की तिच्याशिवाय खेळ पूर्ण करता येतो. तेरा हार्ट झाली नाहीत म्हणून गॅननकडं जायचं थांबवू नका.

७. ट्रायल ऑफ द सोर्ड

हा भाग ३० जून २०१७ ला आलेल्या ‘द मास्टर ट्रायल्स’मधला, म्हणजे एक्स्पान्शन पास लागतो. तलवार पुन्हा त्याच दगडात रोवली की सुरू होतो. एकूण ४५ मजले: पहिल्या टप्प्यात १२, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १७. आत जाताना कपडे, शस्त्रं, जेवण, सगळं काढून घेतात. हार्ट आणि स्टॅमिना तेवढा तुमचा. मधे सेव्ह करता येत नाही, मेलात की त्या टप्प्याच्या पहिल्या मजल्यापासून.

बक्षीस मोठं आहे. एक टप्पा झाला की मूळ मार ४०, दुसरा झाला की ५०, तिसरा झाला की ६०, मग चमकायची वाट बघायला नको.

नवख्यानं घाई करू नये. पहिला टप्पाच सगळ्यात छळतो, कारण हातात काही नसतं. प्रत्येक मजल्यावर शत्रूच्या मागून दबकत जा, त्याची हत्यारं उचला, बाण दिसतील तिथं गोळा करा, आणि शेवटचा शत्रू मारण्याआधी झाडं, पिंपं, पाणी सगळं धुंडाळा. विस्तव असलेल्या मजल्यावर जे मिळालं असेल ते शिजवून घ्या. आणि बॅटरी भरलेली असल्याशिवाय सुरूच करू नका. पणजीत असा नाहीतर वाळपईत, जुलैमधल्या विजेवर विसंबून अकराव्या मजल्यापर्यंत जाणं म्हणजे जुगार.

८. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ खेळत असाल तर

१२ मे २०२३ ला आलेल्या या पुढच्या भागात हिशेब उलटा आहे. इथं हार्ट नाही, स्टॅमिनाची दोन पूर्ण चक्रं लागतात, आणि पदार्थ खाऊन मिळालेला तात्पुरता पिवळा स्टॅमिना इथंही धरत नाहीत. तलवार जमिनीवर नाही. आकाशात फिरणाऱ्या लाइट ड्रॅगनच्या डोक्यात रुतलेली आहे. ड्रॅगन सतत हलत असतो, त्यामुळं त्याच्यापेक्षा उंच जागेवरून उडी मारून पॅराग्लायडरनं पाठीवर उतरायचं आणि मानेवरून चालत पुढं जायचं. चार ऑर्बची जागा इथं ‘लाइट्स ऑफ ब्लेसिंग’ घेतात, दर चाराला एक हिस्सा तसाच. सुरुवातीच्या एका चक्रावरून दोनवर जायला पाच हिस्से, म्हणजे वीस श्राइन. मागच्या खेपेला हार्ट गोळा करून आलेले लोक सवयीनं इथंही हार्टच मागतात आणि ड्रॅगनच्या डोक्यावर पोचून हात हलवत परत येतात.